पायाखालची जमीन आणि भूकंपहानीचे अनुमान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखी रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वास्तूंचा विषय निघणे स्वाभाविक आहे. मंदिर, धर्मशाळा, बोर्डिंग, सभागृह या साऱ्यांच्या उभारणीचा इतिहास, त्यांसाठी झटलेल्या व्यक्ती आणि देणगीदार यांचे यथोचित स्मरण या व्यासपीठावरून झालेले आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र या वास्तूंच्या खाली आहे. कोनशिलेवर दात्याचे नाव असते, तिथी असते, संवत असते. परंतु कोनशिलेखाली किती फूट माती, किती फूट मुरूम आणि त्याखाली कोणता पाषाण, याची नोंद कोठेही नसते. भूकंपाच्या वेळी मात्र हिशेब याच नोंदीचा लागतो.

कोल्हापूरच्या ज्येष्ठ नागरिकांना दिनांक ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगावी लागत नाही. त्या दिवशी ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरच्या परिसरात ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे राहण्यायोग्य उरली नाहीत, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला तडे गेले. धरणातील यंत्रावर जमिनीचे जे हिसके नोंदले गेले, ते गुरुत्वाकर्षणाच्या सहा-दशांशाहून अधिक होते. जगभरच्या धरण-अभियंत्यांनी पुढे कित्येक वर्षे त्याच आलेखावर आपली गणिते तपासून पाहिली. कोयनानगर ते कोल्हापूर हे सरळ रेषेतील अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास भरते. येथेही लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते.

तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजले जात असे. त्या एका पहाटेने तो समज मोडला आणि १९७० मध्ये देशाचा भूकंप-विभागांचा नकाशा नव्याने आखावा लागला. कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. पुढे वारणेचे चांदोली धरण १९८५ च्या सुमारास भरू लागले आणि हादऱ्यांचा काही भाग दक्षिणेकडे, म्हणजे कोल्हापूरच्या दिशेने सरकला. सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढ्या पट्ट्यात गेल्या सहा दशकांत पाच रिश्टरहून मोठे वीसपेक्षा अधिक धक्के झाले आहेत. लहान धक्क्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. जलाशयातील पाण्याच्या चढउतारामुळे भूकंप घडून येण्याचे कोयना हे जगातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ सांगतात.

येथे एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. वृत्तपत्रांत ‘तीव्रता’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. रिश्टरचा आकडा हा भूकंपाचा असतो, आणि तो एका भूकंपाला एकच असतो. जमीन किती हलली, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. भट्टीतील जाळ एकच असला तरी कोणाला किती धग लागेल, हे तो कोठे उभा आहे आणि मध्ये काय आहे यावर ठरते. हानीचे अनुमान करावयाचे तर रिश्टरच्या आकड्याने काम भागत नाही. या गल्लीतील, या भूखंडावरील जमीन किती आणि कशी हलेल, ते ठाऊक असावे लागते.

त्याचे शास्त्र मुळात अवघड नाही. भूकंपाच्या लहरींपैकी इमारतींना सर्वांत अधिक त्रास देतात त्या दुय्यम, म्हणजेच ‘एस’ लहरी. त्या जमिनीला आडवे हलवितात. कठीण बेसॉल्टमध्ये त्यांचा वेग सेकंदाला दोन हजार मीटरहून अधिक असतो. नदीच्या गाळात किंवा ओल्या काळ्या मातीत तो दीडशे-दोनशे मीटरवर येतो. वेग घटला की लहरीची ऊर्जा दाटते आणि हेलकावा मोठा होतो. त्यातच मऊ थराच्या तळाशी कातळ असेल, तर लहर कातळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये अडकून पुन्हा पुन्हा आपटते. अशा थराला स्वतःचा एक झोका असतो. तो काढण्याची रीत सोपी आहे: थराच्या जाडीची चौपट करावी आणि तिला लहरीच्या वेगाने भागावे. बारा मीटर जाडीचा गाळ आणि सेकंदाला १६० मीटर वेग धरला, तर ४८ भागिले १६०, म्हणजे ०.३ सेकंद. पंचवीस मीटर गाळ आणि २०० मीटर वेग धरला, तर अर्धा सेकंद.

आता इमारतीलाही स्वतःचा झोका असतो. ढोबळ मानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. तीन मजल्यांची इमारत ०.३ सेकंदात एक झोका घेते, पाच मजल्यांची अर्ध्या सेकंदात. वरच्या दोन आकड्यांशी हे आकडे ताडून पाहावेत. बारा मीटर गाळावरची तीन मजली इमारत आणि पंचवीस मीटर गाळावरची पाच मजली इमारत यांचा झोका जमिनीच्या झोक्याशी जुळतो. पाळण्याला नेमक्या वेळी हात लावीत गेले की तो कसा चढत जातो, हे घरोघरी माहीत आहे. जमीन त्या इमारतीला तसाच हात लावीत राहते. शेजारची, तशाच मालाची आणि त्याच गवंड्याने बांधलेली, परंतु वेगळ्या उंचीची इमारत मात्र किरकोळ तड्यांवर निभावून जाऊ शकते. अशा वेळी लोक दैवाचा खेळ म्हणतात, किंवा कंत्राटदाराला दोष देतात. कंत्राटदाराचा दोष पुष्कळदा असतोच. पण प्रत्येक वेळी तेवढाच नसतो.

मेक्सिको देशाच्या राजधानीचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. ते शहर एका जुन्या सरोवराच्या तळावर वसलेले आहे. खाली दाट पाणथळ चिकणमाती आहे. दिनांक १९ सप्टेंबर १९८५ रोजी तेथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, समुद्रकाठी मोठा भूकंप झाला. इतक्या अंतरावर धक्का विरून जावयास हवा होता. शहराच्या कातळावरील भागात तो विरलेलाही होता. सरोवराच्या तळावर मात्र जमीन दोन-दोन सेकंदांच्या संथ झोक्यांनी हलत राहिली, आणि सात मजल्यांपासून अठरा-वीस मजल्यांपर्यंतच्या इमारती निवडून काढल्याप्रमाणे पडल्या. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच शहरात बरोबर बत्तीस वर्षांनी, २०१७ च्या १९ सप्टेंबरलाच, पुन्हा भूकंप झाला. या खेपेस उगमस्थान सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर होते. पडल्या त्या बहुतांशी चार ते आठ मजल्यांच्या इमारती, आणि त्याही सरोवराच्या मध्यावर नव्हे, तर पश्चिमेकडील काठालगतच्या पट्ट्यात. कारण काठाकडे चिकणमाती उथळ होत जाते आणि उथळ थराचा झोका लवकर पुरा होतो. जवळच्या भूकंपाच्या लहरीही तशाच जलद होत्या. चिकणमातीची जाडी कोठे किती आहे, याचा नकाशा हाती असलेल्या माणसाला दोन्ही भूकंपांतील हानीचे पट्टे उलगडून सांगता येतात. नकाशा नसलेल्याला त्यात केवळ तारखेचा योगायोग दिसतो.

आपल्या समाजाचे नातेसंबंध ज्या अहमदाबादशी जोडलेले आहेत, तेथेही हेच घडले. दिनांक २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तो कच्छमध्ये, भचाऊजवळ. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही तेथील अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. साबरमतीच्या गाळाची जमीन, आणि त्यावर तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या, म्हणजे खालच्या मजल्यावर केवळ खांबांवर तोललेल्या इमारती, असा तो दुहेरी योग होता.

जमिनीखालचे थर मांडून ठेवण्याच्या कामाला तज्ज्ञ ‘भूस्तरांचे प्रतिमान’ म्हणतात. शब्द जड आहे. अर्थ मात्र व्यापाऱ्याला चटकन समजणारा आहे. गोदामातील मालाची खानेसुमारी जशी फळीफळीने होते, तशी जमिनीची खानेसुमारी घनाघनाने करावयाची. नेदरलँड्स या देशाने ते काम किती बारकाईने केले आहे पाहा: लांबी-रुंदीला शंभर मीटर आणि उंचीला अर्धा मीटर अशा चौकटींमध्ये वरच्या सुमारे पन्नास मीटरांतील जमीन विभागली, आणि प्रत्येक चौकटीत वाळू आहे, चिकणमाती आहे की कुजट वनस्पतींची माती आहे, ते विंधन विवरांच्या नोंदींवरून भरले. तेथील ग्रोनिंगेन भागात नैसर्गिक वायू उपसल्यामुळे भूकंप होऊ लागले. २०१२ मधील सर्वांत मोठा धक्का अवघा ३.६ रिश्टरचा. कोयनेच्या मानाने तो काहीच नव्हे. पण मऊ जमिनीवरील विटांच्या घरांना तेवढ्यानेही तडे गेले. तेव्हा थरांची ही खानेसुमारी कामी आली, कोणत्या गावात हेलकावा किती वाढेल याचे अनुमान गावोगावचे निघाले, आणि कोणती घरे आधी भक्कम करावयाची हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग झाला. ते वायुक्षेत्र २०२४ मध्ये कायद्याने कायमचे बंद करण्यात आले. मानवी हस्तक्षेपामुळे घडणाऱ्या भूकंपांच्या बाबतीत ग्रोनिंगेन आणि कोयना ही दूरची भावंडे म्हणावयास हरकत नाही. एकीकडे जमिनीतून काढून घेतले, दुसरीकडे जमिनीवर साठविले.

जपानने कोबे शहरातील १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर याहून पुढचा धडा घेतला. सहा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या त्या भूकंपात सर्वाधिक पडझड भूकंपरेषेच्या नेमकी वर झाली नाही. ती झाली तेथून थोडी बाजूला, सुमारे एक किलोमीटर रुंदीच्या लांबट पट्ट्यात. डोंगराचा कातळ जेथे संपतो आणि गाळाचे खोरे सुरू होते, त्या काठावरून वळलेल्या लहरी आणि खालून थेट आलेल्या लहरी यांची त्या पट्ट्यात गाठ पडली होती. तात्पर्य, एका जागेवर सरळ खाली किती माती आहे एवढे जाणणे पुरत नाही. खोऱ्याचा एकंदर आकारही ठाऊक असावा लागतो. जपानमध्ये आज अडीचशे मीटरच्या चौकटीपर्यंत जमिनीचा प्रकार सर्वसामान्य नागरिकाला पाहता येतो. भारतातही जबलपूर, गुवाहाटी, बंगळूर, दिल्ली अशा काही शहरांचे सूक्ष्म भूकंप-विभाजन झालेले आहे. दिल्लीचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोयनेच्या बाबतीत तर जमिनीच्या पोटात थेट शिरूनच पाहणी झाली. केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे यासाठी प्रयोगशाळा उभी केली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या सहभागाने प्रथम दीड किलोमीटरपर्यंत खोलीची विंधन विवरे घेण्यात आली, आणि २०१७ मध्ये गोठणे येथील पथदर्शी विवर तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर कोठे चारशे मीटर, कोठे साडेबाराशे मीटर जाडीचे निघाले. त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखे प्राचीन पाषाण लागले. भूकंपाचे मूळ त्या पाषाणात आहे. हा प्रकल्प भूकंप कसा घडतो हे समजून घेण्यासाठी आहे. शहरांतील गल्लीबोळांच्या जमिनीचा तपास हा त्याचा हेतू नाही. तीन किलोमीटर खोलीचे ज्ञान कराडला आहे; वरच्या तीस मीटरांचे ज्ञान ज्याने त्याने आपल्या गावात जमवावयाचे आहे.

आता करवीर नगरीकडे यावे. या शहराच्या जमिनीखाली बेसॉल्ट आहे, हे उत्तर सर्वांना ठाऊक असते आणि त्यावर सारे निश्चिंत असतात. ‘खाली काळा पाषाण आहे, भीती कसली?’ हे वाक्य बांधकामाच्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकू येते. वास्तविक दख्खनचा पाषाण म्हणजे एकसंध शिळा नव्हे. तो लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या प्रवाहांचा थर आहे. काही प्रवाह अभंग कातळाचे. काही मांजऱ्या खडकाचे, बुडबुड्यांनी पोकळ झालेले. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा मऊ पापुद्रा. कापडाच्या गठ्ठ्यात वरचे थान पाहून आतल्या थानांची खात्री देता येत नाही, तसेच हे. पन्हाळा-जोतिबाच्या माथ्यावर तर जांभ्याचे टोपण आहे, ते आणखी निराळे. या पाषाणावर पुन्हा कोठे हातभर मुरूम, कोठे काळी माती, आणि पंचगंगेकाठी नदीने शतकानुशतके आणून टाकलेला गाळ.

शिवाजी विद्यापीठाकडील माळावर टिकाव मारला की लगेच खणखणतो. पंचगंगा आणि जयंती नाल्याच्या काठची स्थिती तशी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी दुधाळी, उत्तरेश्वर पेठ, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांत कोठवर पाणी येते ते दाखवून दिले. पुराची रेषा म्हणजे गाळाची रेषा नव्हे, हे खरे. सखल कातळावरही पाणी चढते. तथापि नदी जेथे वारंवार पसरते, तेथे तिने काही ना काही मागे ठेवलेले असते. आधी कोठे विंधन विवर घेऊन पाहावे, असे कोणी विचारले तर पुराची रेषा हे आरंभाचे बरे स्थान आहे.

दुसरा प्रश्न बुजविलेल्या तळ्यांचा. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. आजचे कपिलतीर्थ मार्केट आणि वरुणतीर्थाचे गांधी मैदान ही नावेच सांगतात की, येथे कधी काळी पाणी होते. भराव घालून ती जमीन तयार झाली. भरावाची माती दाबून घट्ट केलेली नसते. तीत विटांचे तुकडे, राख, मोडके कौल, काय वाटेल ते असते. ब्रह्मपुरीच्या टेकाडाचे १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळापर्यंतचे थर एकाखाली एक मिळाले. इतिहासप्रेमींना त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे; पायाच्या दृष्टीने मात्र दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे तेवढ्या जाडीची मोकळी माती.

रंकाळ्याचा उल्लेख येथे टाळता येणार नाही, कारण त्यात भूकंपही आहे आणि जैन बस्त्याही. कोल्हापूरच्या जुन्या गॅझेटियरात नोंदविलेल्या आख्यायिकेनुसार रंकाळा मूळची दगडाची खाण. शिलाहार राजा गंडरादित्य याने ३६० बस्त्या बांधल्या, त्यांचा दगड येथून निघाला. आणि इसवी सन ८०० ते ९०० च्या सुमारास भूकंपाने ही खाण खचून तिच्यात भूगर्भातील पाणी भरले. गंडरादित्य बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मग त्याच्या आधी दोनशे-तीनशे वर्षे पाण्याने भरलेल्या खाणीतून त्याने दगड कसा काढला, याचा खुलासा आख्यायिका करीत नाही. तेव्हा तिचा काळ कोणी इतिहास म्हणून घेऊ नये. परंतु या गावाच्या आठवणीत भूकंप १९६७ च्याही पूर्वीपासून मुरलेला आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे अभियंत्यांच्या संहितेत असेलच. आहे, आणि पुरेसे नाही. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीने देशाचे चार विभाग केले. कोल्हापूर शहर तिसऱ्या विभागात, त्याचा गुणांक ०.१६, कोयना चौथ्यात, गुणांक ०.२४. म्हणजे कोयनेला दीडपट धोका, असा साधा बोध होतो. त्याच संहितेत जमिनीचे तीन प्रकार दिले आहेत: कातळ वा कठीण, मध्यम आणि मऊ. सुमारे सात मजल्यांच्या, म्हणजे ०.६७ सेकंदाच्या झोक्याच्या इमारतीसाठी मऊ जमिनीचा आकडा कातळाच्या १.६७ पट येतो. आता गुणाकार करावा. कोल्हापुरात मऊ जमिनीवर ०.१६ गुणिले २.५, म्हणजे ०.४०. कोयनेत कातळावर ०.२४ गुणिले १.४९, म्हणजे ०.३६ च्या आत. तिसऱ्या विभागातील मऊ जमिनीवरची उंच इमारत चौथ्या विभागातील कातळावरच्या तशाच इमारतीहून अधिक भार सोसावयास बांधली पाहिजे, असे संहिताच सांगते. विभागाचा क्रमांक विचारून समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

उलटपक्षी ठेंगण्या इमारतींच्या बाबतीत तीच संहिता तिन्ही जमिनींना एकच आकडा लावते. दोन मजली घर कातळावर असो वा काळ्या मातीवर, २.५ च. वर सांगितलेला झोक्याचा हिशेब तर सांगतो की, आठ मीटर गाळ आणि १६० मीटर वेग असेल तर नेमके दोन मजली घरच सापडते. संहिता देशभरासाठी असते, तिला सरासरीने बोलावे लागते. प्रत्यक्ष भूखंडाचे बोलणे स्थानिक प्रतिमानानेच होऊ शकते. विम्याच्या व्यवहारातही हेच दिसते. अग्निविम्याला भूकंपाचे संरक्षण जोडताना हप्त्याचा दर भूकंप-विभागावर ठरत आला. गंगावेशीतील गोदाम आणि माळावरील गोदाम एकाच विभागातली. व्यापारी मंडळींनी या दोन जागांचा धोका समान मानावा, असे त्यातून सिद्ध होत नाही.

जमिनीचाच सारा दोष, असाही गैरसमज होऊ देऊ नये. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे थकून झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. शासकीय नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. अन्य नोंदींत हा आकडा दहा हजारांजवळ जातो. लातूर-उस्मानाबादच्या ५२ गावांचे संपूर्ण पुनर्वसन करावे लागले. तेथील मुख्य कारण घरांच्या भिंती होत्या: दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, आणि माथ्यावर मातीचे वजनदार धाबे. एकाच धक्क्यात भिंत आतून-बाहेरून फुटली आणि धाबे खाली आले. त्या काळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे या सभागृहातील अनेकांना स्मरत असेल. तेव्हा हानीचे अनुमान म्हणजे तीन रकमांचा मेळ: उगमाशी धक्का किती, वाटेतील आणि पायाखालील थरांनी त्याचे काय केले, आणि वर उभे काय आहे. पहिली रक्कम ठरविणे मानवाच्या हाती नाही. तिसरीवर आता थोडेफार लक्ष जाऊ लागले आहे. मधली रक्कम बहुतेकांच्या वहीत कोरीच असते.

ती भरावयाची कशी? विंधन विवर घेऊन साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडतात आणि नळी तीस सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. पाच-सहा ठोक्यांत गेली तर माती मऊ, पन्नास ठोके पडूनही अडली तर पक्की. दुसरी रीत, जमिनीवर ओळीने यंत्रे मांडून एका टोकाला घण मारावयाचा आणि लहर किती वेगाने पोहोचली ते मोजावयाचे. त्यावरून थरांचे वेग निघतात. तिसरी रीत सर्वांत स्वस्त: रात्रीच्या शांत वेळी एक संवेदनशील यंत्र ठेवून रहदारीने व वाऱ्याने जमिनीत सतत चाललेली सूक्ष्म थरथर नोंदवावयाची. त्यातून थराचा झोका बऱ्याच अंशी कळतो. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर पाया मुरमापर्यंत नेऊन प्रश्न मिटतो. थर जाड असेल तर खोल खांब कातळाला टेकवूनही भोवतालची माती त्या खांबांना आपल्याबरोबर ओढते, हे ‘पाइलचा पाया घेतला’ एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

शहरभर नव्याने विवरे घेणे खर्चाचे आहे. परंतु बहुतेक विवरे आधीच घेतलेली आहेत! कोल्हापुरात किती कूपनलिका खोदल्या गेल्या, याची गणती नाही. प्रत्येक मोठ्या इमारतीच्या मंजुरीसाठी मातीचा अहवाल तयार होतो, आणि काम संपले की तो कपाटात जातो, कपाटातून रद्दीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींच्या नोंदी आहेत. शिवाजी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. हे सारे कागद एका नकाशावर मांडले गेले तर प्रतिमानाचा पहिला कच्चा खर्डा तयार होईल. त्यात चुका असतील. प्रत्येक नव्या विवराबरोबर त्या दुरुस्त होत जातील.

धार्मिक ट्रस्टांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. ट्रस्टांच्या मिळकती बहुधा जुन्या पेठांत असतात, म्हणजे भरावाच्या आणि नदीकाठच्या जमिनीवर. धर्मशाळेत व बोर्डिंगात एका छताखाली परगावची शेकडो माणसे आणि मुले झोपतात. मंदिराचे शिखर वजनदार, दगडी आणि उंच. पुनर्बांधणीचे प्रस्ताव येतात तेव्हा चर्चा होते ती संगमरवराच्या दर्जाची, भोजनगृहाच्या क्षेत्रफळाची आणि खाली वाहनांना किती जागा सुटेल याची. वाहनांसाठी तळमजला मोकळा सोडावयाचा असेल, तर २००२ च्या संहितेने त्या मजल्यावरील खांब-तुळयांसाठी अडीचपट भार धरावयास सांगितले होते, ही गोष्ट प्रस्तावाच्या टिपणीत क्वचितच आढळते. मातीच्या तपासणीचा खर्च एकूण अंदाजपत्रकात इतका लहान असतो की, काटकसरीचा पहिला वार त्याच्यावर होतो. तीन विवरांऐवजी एक, आणि तेही जेथे गाडी सहज पोहोचते तेथे. देणगीदारांच्या पैशाची काटकसर करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य खरेच, पण ही कलमे त्यासाठी योग्य नव्हेत.

वर्षप्रतिपदेला नवी वही घालण्याची रीत व्यापाऱ्यांत आहे. तशी एक वही ट्रस्टच्या प्रत्येक मिळकतीसाठी घालावी. मिळकतीचा सिटी सर्व्हे क्रमांक, कूपनलिकेची जागा, खोदाईची तारीख. मग दर पाच फुटांवर काय लागले: काळी माती, पिवळी माती, मुरूम, मांजऱ्या, तांबडा थर, काळा पाषाण, पाणी कितव्या फुटावर लागले, कोणत्या खोलीला खोदाईचा वेग एकदम मंदावला. कूपनलिकेची गाडी चालविणाऱ्या कारागिराला हे सारे तोंडपाठ असते, कारण त्याचा डिझेलचा हिशेब त्यावर चालतो. गाडी दुसऱ्या गावाला गेली की त्याच्याबरोबर ती माहितीही जाते. म्हणून खोदाई चालू असतानाच ट्रस्टचा एक माणूस तेथे वही घेऊन उभा असावा. प्रत्येक थराचा मूठभर चुरा लहान कापडी पिशवीत भरावा, पिशवीला खोलीची चिठ्ठी शिवावी आणि पिशव्या क्रमाने दोरीत ओवून कार्यालयात टांगाव्यात. मातीचे जुने अहवाल ज्या सभासदांच्या घरी असतील त्यांनी त्यांच्या प्रती पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी कार्यालयात जमा कराव्यात.